अठरा दिवस आणि पाच सुकेळी

काका, सगळ्यात आधी माफी मागते. तुमच्यावर लिहिणारी मी कोण? पापडी गावात तुम्हाला हाफपँटमध्ये पाहिलेली माणसं अजून आहेत. चर्चमध्ये तुमच्या बाकावर बसून ज्यांचे केस पांढरे झाले, ती आहेत. नौदलातले तुमचे मित्र आहेत. त्यातले दोघे दफनाच्या दिवशी काठी टेकत आले आणि शवपेटीपुढे इतके ताठ उभे राहिले की मागे उभ्या असलेल्या माझ्या बाबांनीही नकळत पाठ सरळ केली. या सगळ्यांना सोडून मी लिहिते आहे. मी तुम्हाला ओळखत होते फक्त चौदा महिने, तेही मंगळवारी आणि शुक्रवारी.

पण मार्था काकी म्हणाल्या, "चर्चच्या मासिकात तूच लिही. बाकीचे त्यांची पदकं लिहितील."

मी म्हटलं, मला जमणार नाही.

"न जमायला काय झालं? त्यांच्यासमोर बसून वाद घालायचीस ना? तशीच बोल."

म्हणून ही मी तुमच्याशीच बोलते आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लेख कसा लिहितात हे मला कुणी शिकवलं नाही, आणि हा कागद मी चार वेळा फाडला आहे. तुम्ही असता तर समासात पेन्सिलीने खुणा केल्या असत्या. आता चुका तशाच राहतील.

तुम्ही म्हणायचात, पाण्याखालच्या पाणबुडीला ऐकता येतं, बोलता येत नाही. वरून निरोप येतात, ते घ्यायचे. उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर दिलं की कुठे आहात ते शत्रूला कळतं. लिहायला बसले तेव्हा मला तेच आठवलं. ऐकू येत असेल, एवढ्यावरच विश्वास ठेवून लिहायचं आहे.

*

आमच्या इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं होतं, आपल्या भागातल्या एका ज्येष्ठ माणसाचं आयुष्य लिहून आणा. वर्गातल्या बहुतेकांनी आपापले आजोबा घेतले. माझ्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट अर्ध्या पानात संपली. "समुद्रावर गेलो, आलो. आनखी काय सांगू?" मग मैत्रिणीने तुमचं नाव सुचवलं. मी वहीत वीस प्रश्न लिहून, कळंबहून दोन बस बदलून, तुमच्या फाटकाशी उभी राहिले. कडी वाजवायला मला किती वेळ लागला ते काकींनी खिडकीतून पाहिलं होतं. नंतर त्या दर खेपेला चिडवायच्या.

पहिला प्रश्न होता, आपली जन्मतारीख.

"ती पेन्शनच्या कागदावर आहे," तुम्ही म्हणालात. "दुसरं विचार."

"सर, तुम्ही पाणबुडीत होतात की विमानात? मला दोन्ही सांगितलंय."

"दोन्ही खरं. आधी खाली, मग वर. मधल्या पाण्यावर सगळे जातात, तिथे मी फारसा रमलो नाही. आणि सर म्हणू नकोस, मी शाळेत नाही."

"मग अंकल म्हणू?"

"अंकल म्हटलं की कुणी विमा विकायला आलंय असं वाटतं. काका म्हण."

मी इतकी घाबरले होते की तुम्ही काय घेणार विचारल्यावर माझ्या तोंडून घरच्यासारखं "पानी" निघालं आणि कान गरम झाले. कॉलेजात मी तो शब्द फार जपून उच्चारायची. तुम्ही आत बघून हाक मारलीत, "मार्था, पानी आण गं." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "मी चोविसाव्या वर्षी बर्फात उभा राहून रशियन शिकलो. तुझी भाषा मला कळणार नाही असं वाटलं काय तुला?"

त्या दिवशी वीसपैकी दोनच प्रश्न झाले. परत यावं लागलं. मग परत. प्रकल्प जमा झाला, गुण आले, तरी मी येतच राहिले आणि तुम्ही दोघांनी कधी विचारलं नाही, आता कशाला.

*

आपल्या देशाकडे पाणबुड्या नव्याने आल्या तेव्हाचे तुम्ही. त्या चालवायच्या कशा हे शिकायला रशियात गेलात. आईने दिलेला स्वेटर तिथल्या थंडीत रुमालासारखा वाटला, असं सांगायचात. परत आल्यावर विशाखापट्टणमहून पाण्याखाली. साठ-सत्तर माणसं एका लांब लोखंडी नळीत. अंघोळ नाही. दोघांत एक बिछाना, एक उठला की दुसरा त्याच उबेत झोपायचा. पावाला, भाताला, उशीला डिझेलचा वास. सूर्य नाही, म्हणून दिवस कोणता ते जेवणावरून ओळखायचं.

हे मी घरी सांगितलं तर बाबांना पटेना. शेवटी ते स्वतःच सुके बोंबील घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही दोघे पडवीत बसलात. माझा बाप, जो कुणासमोर चार शब्द बोलत नाही, तुम्हाला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारत होता.

"खाली काय दिसते?"

"काहीच नाही. खिडकीच नसते."

"मासं?"

"ऐकू येतात. दिसत नाहीत."

बाबांनी बोंबलांची पिशवी बाजूला सारली. "मंग एवढं खाली जाऊन उपेग काय?"

"तेच मी साहेबाला विचारलं," तुम्ही म्हणालात, "आणि विमानात गेलो."

बाबा इतके हसले की काकी चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "मानूस खरा आहे तुझा." आमच्याकडे याहून मोठी पदवी नाही.

पण विमानात जाण्याचं कारण ते नव्हतं. ते तुम्ही मला चौथ्या महिन्यात सांगितलंत, आणि तेही आधी विनोद म्हणून.

*

तुमच्या पाणबुडीचे कॅप्टन होते बरुआ साहेब, शिलाँगचे. एका लांबच्या कामगिरीवर निघताना तुमच्या आईने पापडीहून सुकेळ्यांचं मोठं पुडकं पाठवलं होतं. राजेळी केळी सोलून, अंगणात उन्हात वाळवून, सुक्या पानात बांधलेली. पाणबुडीचा रिवाज असा की घरून आलेलं सगळ्यांचं. अधिकाऱ्यांच्या मेजावर पुडकं उघडायचं आणि रोज चहाबरोबर एकेक घ्यायचं. "डिझेलच्या वासात ते म्हणजे ऊन खाल्ल्यासारखं वाटायचं," तुम्ही म्हणालात. पंजाबचा, केरळचा, आसामचा माणूस तुमच्या आईच्या हातचं सुकेळं जिभेवर घोळवत बसायचा.

आणि बरुआ साहेब रोज विचारायचे, "हां फेलिक्स, आज आईचं काय?" तुम्ही सांगायचात. केळ्यांवर बसणाऱ्या कावळ्यांना ती चर्चच्या घंटेच्या चालीवर कशी हाकलायची. तुम्ही रशियाला निघालात तेव्हा तिने, तिथल्या लोकांना आपली भाषा येत नाही तर मोठ्याने बोल, असा सल्ला कसा दिला. सगळे पोट धरून हसायचे.

मग एक दिवस पुडकं मेजावरून गायब झालं. नळीसारख्या पाणबुडीत एखादी वस्तू जाणार कुठे? पण सापडेना. संशय एकाच माणसावर, इंजिनिअर कुरियन. पोटाने गोल, दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय. बिचारा शपथा घेत होता आणि जितक्या शपथा घेई तितका संशय वाढत होता. पुढे किनाऱ्यावर उतरताना तुमच्या पिशवीच्या तळाशी सुक्या पानात बांधलेली पाच सुकेळी निघाली. "कुरियनच्या मनाने त्याला खाल्लं, म्हणून उरलेली परत ठेवली," तुम्ही म्हणालात. आतून काकी ओरडल्या, "झाली का त्या चोराची गोष्ट सांगून? पन्नास वर्षं ऐकतेय."

मी हसले. तुम्हीही हसलात. मग पडवीच्या खांबाकडे बघत म्हणालात, "ती पाच मी आणि माझे वडील पायरीवर बसून खाल्ली. आई तोवर गेली होती."

मी वही मिटली.

तुम्हीच सांगितलंत. आई गेली तेव्हा तुम्ही पाण्याखाली होतात. निरोप वरून आला होता. तो आधी कॅप्टनच्या हातात जातो, आणि घरची वाईट बातमी सांगायची की नाही हे कॅप्टन ठरवतो. बरुआ साहेबांनी ठरवलं, नाही. अजून अठरा दिवस किनारा दिसणार नव्हता. बंदरात पोहोचल्यावर त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तुम्हाला कधी कळलं?" ते म्हणाले, "त्याच दिवशी." तुम्ही सलाम केलात आणि बाहेर पडलात. घरी आलात तोवर कबरीवरची फुलं सुकून कुणीतरी उचललीही होती.

सहा महिन्यांत तुम्ही हवाई शाखेसाठी अर्ज दिला. सगळ्यांना वाटलं हौस. "वर असलं की निदान बातमी पोहोचते," एवढंच तुम्ही मला म्हणालात.

*

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो संपलेला नाही.

मी म्हटलं, त्यांना काय अधिकार होता? आई तुमची, दुःख तुमचं. तुम्ही म्हणालात, कॅप्टन बरोबर होता. मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? त्या नळीत रडायला कोपरा नाही. माझ्या एका चुकीने साठ-सत्तर घरांत तसाच निरोप गेला असता. "तू त्या नळीत बसली नाहीस."

"मग रागावलात कशाला?"

"कोण म्हणतं रागावलो?"

मी तुमच्या कपाटातलं नाताळच्या कार्डांचं खोकं पाहिलं होतं, काकींनीच दाखवलं होतं. शिलाँगहून दरवर्षी एक कार्ड, आत दोन-तीन ओळी, तब्येत कशी, मुलं कशी. आणि तुमचं उत्तर काय जायचं हेही काकींनी सांगितलं. छापील कार्ड, खाली नुसती सही.

"ते बरोबर होते, तर नुसती सही का, काका?"

तुम्ही त्या दिवशी मला लवकर घरी पाठवलंत. शुक्रवारी मी भीतभीत आले, तर तुम्ही विमानातली गोष्ट काढलीत. मला वाटलं विषय बदलला. नव्हता बदलला.

तुम्ही वैमानिक नव्हतात, हे तुम्ही नेहमी आवर्जून सांगायचात. "विमान पुढचा चालवतो. मी मागे बसून शोधतो." समुद्रावरून उडत पाणबुड्या शोधायचं ते काम. पाण्यात यंत्राचे कान टाकायचे आणि ऐकत बसायचं. ज्या माणसाने लपायला शिकून घेतलं होतं तोच आता शोधायला बसला, म्हणून तुम्ही त्यात सगळ्यांच्या पुढे होतात. एकदा सरावात तुम्हाला शोधायची होती बरुआ साहेबांचीच पाणबुडी. बाकीच्यांनी दोन दिवस समुद्र पालथा घातला. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी थेट एका जागी गेलात आणि एका विशिष्ट वेळेची वाट पाहिलीत. निरोप घ्यायला पृष्ठभागाजवळ यायची बरुआ साहेबांची वेळ. ती ते कधी चुकवत नसत. सराव असो, धोका असो, कुणाच्या घरचा निरोप आला असेल तर तो राहू नये म्हणून वर यायचेच. पाण्यातून बोटाएवढी नळी वर आली, मागे पांढरी रेघ उठली, आणि तुम्ही म्हणालात, "सापडले."

त्यानंतरच्या मेजवानीत बरुआ साहेब पेला घेऊन तुमच्यापाशी आले. "तुला माझी वेळ माहीत होती."

"ती बदलायला हवी होती, सर."

"निरोप घ्यायला वर यावंच लागतं, फेलिक्स."

त्यांनी हात पुढे केला होता. तुम्ही पेला या हातातून त्या हातात घेतलात आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला वळलात.

मग म्हणालात, "त्याने बातमी दाबली याचा राग नाही मला. तो रोज विचारत होता, आईचं काय. मी सांगत होतो. तो हसत होता. आणि त्याला माहीत होतं. माझ्या आईला मी जिवंत समजून बोलतोय आणि हा ऐकतोय. ते मला गिळता आलं नाही."

मी म्हटलं, मग हेच लिहा ना त्यांना.

*

पत्र लिहायला तुम्हाला तीन आठवडे लागले. दमा वाढला होता, अक्षर वाकडं जायचं, तरी मला लिहू दिलं नाहीत. शेवटी पत्र झालं ते अर्ध्या पानाचं. तुम्ही बरोबर होता, हे मी सगळ्यांना सांगत आलो, तुम्हालाच सांगितलं नाही. आणि एक विचारायचं राहिलं, माहीत असताना रोज मला आईबद्दल का विचारत होता? घरचा फोन नेहमी बंद पडायचा, म्हणून खाली माझा नंबर घातलात. "माझ्या सचिवाचा नंबर" असं लिहिलंत आणि मला वाचून दाखवताना खूश झालात.

पोस्टात मीच टाकलं. नंतर दर खेपेला फाटकातून आत येतानाच तुमचा प्रश्न यायचा, "शिलाँग?"

मग तुमच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकात नळी, सतत घरघर. तुम्ही मला म्हणालात, "ऐकलंस? पुन्हा पाण्याखाली." डॉक्टरांनी काकींना बाजूला घेऊन सांगितलं, यांना कसलाही धक्का बसता कामा नये.

शिलाँगचा फोन त्याच आठवड्यात आला. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. बरुआ साहेबांची मुलगी बोलत होती. तुमचं पत्र पोहोचलं होतं. साहेबांना वाचता येत नव्हतं, तिने दोनदा वाचून दाखवलं. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं, पण त्यांनी जुन्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. आत त्यांची खासगी टिपणवही होती, त्या कामगिरीची. त्यातली पानं फेलिक्सला पाठव, असं खुणेने सांगितलं. आणि सहा दिवसांनी ते गेले. तिने पानांचे फोटो मला पाठवले. मी तिथेच उभी राहून वाचले, समोरचा चहा मैत्रिणीने कधी संपवला ते कळलं नाही.

मी धावत पापडीला आले. काकींनी स्वयंपाकघरात ऐकून घेतलं. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आत्ता नाही सांगायचं."

"पण काकी, उत्तर आलंय."

"पानं दाखवलीस तर पहिलं विचारतील, कसा आहे तो. मग काय सांगशील? श्वास जरा सुधारू दे, मी सांगेन तेव्हा सांग."

मी मान डोलावली. चार महिने तुमच्याशी भांडले होते की बातमी दाबायचा अधिकार कुणाला नाही. आणि मान डोलवायला मला एक क्षणही लागला नाही.

त्यानंतर तुम्ही विचारायचात, "शिलाँग?" आणि मी म्हणायची, "पोस्ट आहे काका, वेळ लागतो." खोटं बोलताना मी तुमच्या उशाच्या यंत्राकडे बघायची. काकी माझ्या हातात काहीतरी काम द्यायच्या. दर खेपेला घरी परतताना मला बरुआ साहेब आठवायचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण ते कसे बसले असतील त्या मेजाशी, ते मला आता दिसत होतं.

काका, मी अजून ठरवू शकलेले नाही. तुम्ही बरोबर होता की मी. एवढंच सांगते, की ज्याला हे करावं लागतं त्याला झोप लागत नाही. हे मला वादात माहीत नव्हतं.

*

अकराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तुम्हाला जरा बरं वाटत होतं. उशांना टेकून बसलात. काकी मागच्या दारी केळीची पानं कापत होत्या. तुम्ही म्हणालात, "वही काढ. बरुआला दुसरं पत्र. पहिलं पोस्टाने हरवलं असेल."

मी वही काढली.

"लिही. प्रिय बरुआ साहेब. तुमची तब्येत कशी आहे? यंदा नाताळला पूर्ण पानभर लिहीन म्हणतो. शिलाँगला आता थंडी पडली असेल, छाती जपा."

मी "प्रिय" लिहिलं. पुढे पेन जाईना. तुम्ही खुशीत सांगत होतात, त्यांना मफलर पाठवू या का, मार्था विणते चांगला. जो माणूस नाही त्याची तुम्ही काळजी घेत होतात, आणि मी समोर बसून ऐकत होते. बरुआ साहेबांना हे अठरा दिवस हसतमुखाने जमलं. मला एक ओळ जमली नाही. शाईवर पाणी पडलं.

तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाहिलंत. समुद्रावर पांढरी रेघ शोधणारी ती नजर.

"कधी?" तुम्ही विचारलंत.

"तुमचं पत्र मिळाल्यावर सहा दिवसांनी. मला कळून अकरा दिवस झाले." आणि मी हात जोडले. "काका, माफ करा. मी तुम्हाला..."

"अकराच?" तुमच्या ओठाची एक बाजू वर गेली. "त्याने अठरा काढले होते. तू पाणबुडीला चालणार नाहीस."

मी रडत होते आणि हसतही होते. तुमचे डोळे मात्र छताकडे गेले. यंत्र घरघरत राहिलं. तुमची बोटं चादरीवर तशीच होती, जशी सलाम संपल्यावर मांडीशी येतात.

नंतर मी सांगितलं की पत्र त्यांनी दोनदा ऐकलं. आणि उत्तर पाठवलं आहे.

तुम्ही डोळे मिटलेत. "वाच."

टिपणं इंग्रजीत होती. मी सुरुवात केली तर तुम्ही हात वर केलात. "मराठीत सांग. माझी आई इंग्रजीत कधी नव्हती."

म्हणून मी अडखळत, एकेक ओळ मनात फिरवून, तुम्हाला सांगितलं. तेच इथे लिहिते. त्यानंतर तुम्ही आमच्यात नऊ दिवस होतात. त्या नऊ दिवसांचं काकी सांगतील तेव्हा सांगतील. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे.

पहिल्या पानावर होतं: आज निरोप आला. फेलिक्सची आई गेली. किनाऱ्याला पोहोचायला अजून अठरा दिवस. सांगणार नाही. देव मला क्षमा करो किंवा न करो.

दुसऱ्यावर: आज चहाला त्याने कावळ्यांची गोष्ट सांगितली. सगळे हसले. किनाऱ्यावर गेल्यावर या मुलाला आपल्या आईबद्दल असं हसत पुन्हा कधी बोलता येणार नाही. म्हणून मी रोज विचारतो. तेवढे दिवस तरी त्याला मिळू देत.

तुमच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे गेलं. मी थांबले. तुम्ही बोटानेच खूण केलीत, पुढे.

तिसऱ्यावर: पुडक्यात पाच केळी उरली आहेत. कुणाच्या लक्षात येण्याआधी मी ती उचलून गुप्त कागदांच्या कपाटात, संकेतांच्या पुस्तकांमागे ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. त्या बाईच्या हातचं जगात आता एवढंच उरलं आहे. आम्ही ते चहाबरोबर खाऊन टाकणं बरं नाही. बंदरात त्याच्या पिशवीत तळाशी घालीन. कुरियनवर आळ आला आहे. त्याला बोलावून खरं सांगितलं. म्हणाला, राहू दे सर, चोर मीच राहतो.

मी फोन खाली ठेवला. मग नाकातली नळी जराशी सारून, हळूच, जणू मोठ्याने बोललं तर मोडेल, तुम्ही म्हणालात,

"कुरियनलाही माहीत होतं."

"हो, काका."

"आणि तो अख्खी जिंदगी माझ्या शिव्या खात हसत राहिला." तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. तो गरम होता. "मार्थाला हाक मार. पन्नास वर्षं मी तिला चोराची चुकीची गोष्ट सांगतोय."